उभी गाडी, रिकामा फ्लॅट, पडून असलेला कॅमेरा: ॲपवर काय द्यावं, काय देऊ नये

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडच्या एका नोकरदार कुटुंबाची पेट्रोल गाडी आठवड्यातले चार-पाच दिवस जागची हलत नाही. आईच्या नावावरचा विलेपार्ल्याचा वन बीएचके नुकताच रिकामा झालाय. घरात एक डीएसएलआर, दोन लेन्स आणि ट्रेकचे तंबू पडून आहेत. शिवाय लाखभर रुपये पी-टू-पी कर्जाच्या, म्हणजे अनोळखी लोकांना थेट व्याजाने कर्ज देण्याच्या, ॲपवर लावायचा विचार चाललाय. यातलं काय द्यावं, आणि खर्च वजा जाता हातात काय उरतं?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. गाडी सेल्फ-ड्राइव्हला (भाडेकरू स्वतः चालवतो त्या भाड्याला) देऊ नका, ऑफिसच्या वाटेवर कारपूलला वापरा. फ्लॅट रात्रीच्या भावाने देण्यापेक्षा अकरा महिन्यांच्या करारावर द्या. कॅमेरा आणि तंबू खुशाल द्या. कर्जाच्या ॲपवर लाख नको; हौसच असेल तर दहा हजार.

ॲप किती कमिशन घेतं, हे सगळे आधी विचारतात. घोडं तिथे पेंड खात नाही. ते खातं परवान्यात, विम्यात आणि मोडतोडीत. मुंबईला वाटून वापरायची सवय ॲपच्या आधीपासूनची आहे. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी, कॉट बेसिसवरची, म्हणजे एका खाटेपुरती भाड्याची जागा, चाळीतली भिशी. तिथे समोरचा कोण, हे आपल्याला किंवा ओळखीतल्या कोणाला तरी माहीत असायचं. ॲपवर त्या ओळखीची जागा स्टार आणि रिव्ह्यू घेतात, आणि नुकसान झालं की ते स्टार भरपाई देत नाहीत.

गाडीपासून सुरुवात करू. सेल्फ-ड्राइव्हला भाड्याने द्यायच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तुमची प्लेट पांढरी, म्हणजे नोंदणी खासगी वापराची. ती ॲपवर टाकून अनोळखी माणसाला दिवसाच्या भाड्याने दिली की मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने तो परवान्याशिवायचा वापर ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-ए खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ॲपवर तुमची पांढऱ्या प्लेटची गाडी सहज नोंदवता येते, पण नोंदवता आली म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

दंड परवडला, विमा परवडणार नाही. तुमच्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असा एक परिच्छेद असतो. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर केल्यास पॉलिसी लागू नाही, असं तिथे स्पष्ट छापलेलं असतं. गाडी लोणावळ्याच्या घाटात कठड्यावर आदळली, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बुकिंगचा मेसेज शोधतो आणि क्लेम तिथेच संपतो. ॲपचा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ हा बहुतेकदा तुमच्या आणि कंपनीच्या करारातला एक परिच्छेद असतो. ती तुमच्या नावावरची विमा पॉलिसी नव्हे. त्यात टायर, रिम, काच, क्लच आणि गाडीचा खालचा भाग वगळलेले आहेत का ते बघा, कारण भाड्याच्या गाडीत नेमकं तेच जातं. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेलं, तर ते नुकसान अपघात म्हणून धरतात की चालकाचा निष्काळजीपणा म्हणून, हेही त्याच कागदात असतं. त्यातही वाईट बाजू तिसऱ्या माणसाची. तुमच्या गाडीने कोणी जखमी झालं तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगू शकतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे दिवसाला दोन हजारांच्या भाड्यासाठी लाखोंची टांगती तलवार. हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

कारपूलचं तसं नाही, फक्त खर्च वाटून घेणं आणि नफा कमावणं यातली रेघ ओलांडायची नाही. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाडीतून पूलिंगला शहरांतर्गत दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्यांची मुभा दिली होती, पण राज्याने मनाई केली नसेल तरच. महाराष्ट्राने जानेवारी २०२३ मध्ये खासगी वाहनांच्या अशा ॲप-वापरावर बंदी घातली आणि २०२५ मध्ये अटी घालून कारपूलला परवानगी दिली. त्यामुळे ॲप निवडताना ते महाराष्ट्रात मान्यता घेऊन चालतं का, हे पहिलं बघायचं. दुसरं, पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये साठू द्यायचे नाहीत. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने एका कारपूल ॲपचं वॉलेट परवान्याशिवाय चालत असल्याचा जाहीर इशारा दिला होता. रोजच्या रोज थेट यूपीआयवर घ्या.

हिशोब करू. मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेसने चुनाभट्टीपर्यंत, तिथून कनेक्टरने बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), साधारण वीस किलोमीटर. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी लिटरला ११ देते असं धरा. १.८ लिटर पेट्रोल, १०५ रुपये भाव धरला तर १९० रुपये. तुम्ही आणि दोन सहप्रवासी, म्हणजे माणशी ६० ते ६५. दोघांचे जाता-येता २४० रुपये, महिन्याच्या २२ दिवसांचे ५,२८०. तुमचा पेट्रोलचा खर्च ८,३६० वरून तीन हजारांच्या आसपास येतो. ही बचत आहे, उत्पन्न नव्हे, आणि ती तशीच राहू द्या. माणशी १५० घ्यायला लागलात की विम्यातला तोच परिच्छेद तुमच्यावर उलटतो. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे ठाण्याहून कोणी चढलं तरी टोलचा वाटा मागायचा नाही. उलव्याहून अटल सेतूने येणाऱ्यांचं वेगळं. तिथे एकेरी टोलच २५० आहे, आणि तीन-चार माणसं असल्याशिवाय गाडी परवडत नाही.

कारपूल मोडतात ते वेळेवरून, पैशांवरून क्वचितच. घरासमोरून उचलायचं कबूल करू नका. ऐरोली जंक्शन, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी हायवेलगतची दोन-तीन ठिकाणं ठरवा, उचलायचं सर्व्हिस रोडवरून, आणि थांबायचं तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला गाडी निघते हे पहिल्या आठवड्यातच समजलं पाहिजे. कंपनीच्या ईमेलवरून पडताळलेलेच सहप्रवासी घ्या. परतीची वेळ कोणाचीच ठरलेली नसते, म्हणून संध्याकाळची फेरी सकाळच्या माणसांशी बांधून टाकू नका.

आता फ्लॅट. इथे लोक दोन आकड्यांवर भुलतात: भाडं महिन्याला ४५,००० आणि एअरबीएनबीसारख्या ॲपवर रात्रीचे ३,५००. तीसने गुणलं की एक लाख पाच हजार, म्हणून डोळे दिपतात. मुंबईत एका खोलीच्या फ्लॅटला, त्यातही नव्या आणि रिव्ह्यू नसलेल्या, महिन्याला १५ रात्री मिळाल्या तर चांगलं समजायचं. १५ रात्रींचे ५२,५०० आले. ॲपची फी कोणत्या पद्धतीची निवडली त्यावर तीन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांच्या पुढेपर्यंत जाते. पंधरा धरली तर ७,८७५ गेले. पाहुणा सरासरी अडीच रात्री राहतो, म्हणजे महिन्याला सहा वेळा साफसफाई. दर वेळी ७०० रुपये, झाले ४,२००. चादरी-टॉवेलांची धुलाई-इस्त्री सहा वेळा ४०० प्रमाणे २,४००. एसी लावून ठेवून फिरायला जाणारा पाहुणा गृहीत धरून वीज ४,०००. इंटरनेट ८००. साबण, चहा-साखर, बल्ब, पाण्याचा जार मिळून १,५००. खर्चाची बेरीज २०,७७५, हातात ३१,७२५. ४५,००० च्या भाड्याची बरोबरी करायला महिन्याला २१-२२ रात्री भरल्या पाहिजेत, तेही दर महिन्याला.

शिवाय हे काम मुलुंडला बसून होत नाही. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच लागतात: एक अंथरलेला, एक धुवायला गेलेला, एक कपाटात. जून ते सप्टेंबर चौथा संच लागतो, कारण पार्ल्याच्या बंद गॅलरीत चादर दोन दिवसांतही वाळत नाही आणि तशीच घडी घातली की वास मारतो. पाहुण्याची पहिली तक्रार बहुधा तीच येते. दुसरी पाण्याची. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि बाहेरगावच्या माणसाला हे माहीत नसतं. इमारतीची टाकी पुरत नसेल तर घरात साठवणीची टाकी आणि प्रेशर पंप बसवल्याशिवाय लिस्टिंग टाकू नका. किल्ली वॉचमनकडे ठेवली की त्याची ड्यूटी बदलते तेव्हा पाहुणा गेटवर उभा राहतो. कोड टाकून उघडणारं कुलूप लावा, आणि प्रत्येक पाहुण्यानंतर कोड बदला.

कागदांचं प्रकरण याहून अवघड आहे. पर्यटन खात्याच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेची मूळ अट अशी, की मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असावं. तुमचा फ्लॅट त्यात बसत नाही. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन माहिती द्यावी लागते. सी फॉर्म या नावाने लोक ती ओळखतात. वीज कंपनीच्या तपासणीत हॉटेलसारखा वापर दिसला तर व्यापारी दर लागू शकतो. आणि सोसायटी. रोज नवे चेहरे, रात्री दोनला बॅगांची चाकं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं. पहिल्या तक्रारीला सेक्रेटरी समजून घेईल, तिसरीला वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव येईल. सोसायटीशी भांडून हा धंदा चालत नाही, कारण गेट त्यांच्या हातात आहे.

करासाठीही अकरा महिन्यांचा करार सरस. भाडं ‘घरमालमत्तेचं उत्पन्न’ म्हणून दाखवलं की मालमत्ता कर वजा जाता ३० टक्के सरसकट वजावट मिळते. रात्रीच्या भावाने, साफसफाई-चादरींच्या सेवेसह दिलं तर ते धंद्याचं उत्पन्न की घरमालमत्तेचं, यावर वाद होऊ शकतो; धंद्याचं ठरलं तर ती वजावट नाही, खऱ्या खर्चाच्या पावत्या जपा. फ्लॅट आईच्या नावावर आहे, म्हणून भाडं आईच्याच बँक खात्यात जाऊ द्या. तुमच्या खात्यात वळवलं की नसती चौकशी मागे लागते.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हा अकरा महिन्यांचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. खर्च फार नाही. ४५,००० प्रमाणे अकरा महिन्यांचे ४,९५,०००. दीड लाख परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरायचं व्याज १३,७५०. एकूण ५,०८,७५० च्या पाव टक्का म्हणजे सुमारे १,३०० रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी शहरात १,०००. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे. नोंदणीकृत करार हाती असला की मुदतीनंतर न हलणाऱ्या भाडेकरूविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याची नुकसानभरपाई मागता येते. करारात या गोष्टी आकड्यांनी लिहा: लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगाचे किती कापणार, आणि गिझर, एसी, पंखे, गॅस शेगडी यांची यादी. ताबा देताना विजेच्या आणि महानगर गॅसच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा.

सोसायटीला आधी लेखी कळवा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार परवानगी लागत नाही, आठ दिवस आधीची सूचना पुरते. मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. सगळ्या मेंटेनन्स बिलाच्या दहा टक्के लावण्याचा प्रकार सर्रास चालतो; बिलातला मालमत्ता कर आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी) बाजूला काढून हिशोब मागा. भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरून पोचपावती जपा. पार्ल्यात मिठीबाई-एनएमआयएमएसचे विद्यार्थी आणि विमानतळावर नोकरी करणारे यांची मागणी असते, भाडेकरू मिळायला अडचण येऊ नये. विद्यार्थी घेतलेत तर करारावर पालकांचं नाव घाला, चौघांना देऊन डोकी मोजत बसू नका.

इमारतीतली पार्किंगची जागा ॲपवर बाहेरच्याला देण्याच्या फंदात पडू नका. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली जागा, सामाईक आहे आणि सोसायटी तुम्हाला फक्त वापर देते.

कॅमेरा आणि तंबू यांत परवान्याची भानगड नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. दिवसाचं भाडं आजच्या सेकंडहँड किमतीच्या अडीच-तीन टक्के ठेवा. ३०,००० चा सेट असेल तर ८०० रुपये. लग्नाला वेगळा भाव. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिक टिकेल असं धरून चालतात, आणि लग्नाच्या एका दिवसात तीन-चार हजार क्लिक सहज होतात. म्हणजे एकाच दिवसात शटरचं तीन-चार टक्के आयुष्य गेलं. देताना आणि घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंतच्या क्लिकचा आकडा, टिपून ठेवा. निकॉनच्या फोटोसोबत साठवलेल्या एक्झिफ माहितीत तो सापडतो, कॅनॉनच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

परत आल्यावर लेन्सचं ॲपर्चर (प्रकाशाचं छिद्र) एफ/१६ इतकं बारीक ठेवून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस बिघडवून फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. मग ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी. मुंबईच्या दमट हवेत कॅमेरा बॅगेत बंद राहिला की ती धरतेच, भाडेकरूने काही केलेलं नसतं, म्हणून देण्याआधीही हीच तपासणी करा. नाहीतर उगाच वाद. साठवण ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये, किंवा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की बदला.

तंबू परत घेताना पिशवी उघडूनच घ्या. ओला तंबू घडी करून दिला तर एका-दोन दिवसांत बुरशी धरते, आणि आतला पॉलियुरेथेनचा थर एकदा चिकट होऊन सुटायला लागला की तंबू गळतो. पोल आणि खुंट्या मोजा. खुंट्या हमखास हरवतात, त्यांचा दर आधीच लिहून ठेवा.

अनोळखी माणूस असेल तर मूळ आधार कार्ड ठेवून घेऊ नका. मास्क्ड आधार (शेवटचे चार आकडे सोडून नंबर झाकलेलं) घ्या, आणि डिपॉझिट त्याच्या स्वतःच्या यूपीआयवरून मागा. बँकेत दिसणारं नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं की पुरे. नावं वेगळी निघाली तर वस्तू देऊ नका, कारण काहीही सांगो. ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारे रोज भेटतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकून बसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

राहता राहिलं पी-टू-पी कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार एका व्यक्तीला सर्व प्लॅटफॉर्म मिळून ५० लाखांपर्यंत लावता येतात, एका कर्जदाराला ५०,००० हून जास्त देता येत नाही, आणि मुदत ३६ महिन्यांपर्यंतच. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले: ‘केव्हाही पैसे काढा’ किंवा हमीचं व्याज असं काही प्लॅटफॉर्मला देता येत नाही, आणि त्यांची फी वसुलीवर अवलंबून ठेवता येत नाही. कर्जदाराने फेडलं किंवा बुडवलं, फी त्यांना मिळतेच. बँकेतल्या ठेवीचं पाच लाखांचं विमासंरक्षण इथे नाही.

एक लाख शंभर जणांत हजार-हजार, वर्षाने २० टक्के व्याजासह परत, असं सोपं चित्र घ्या. दहा जणांनी काहीच दिलं नाही. नव्वद जणांचे १,०८,००० आले, म्हणजे आठ टक्के सुटले असं वाटतं. पण कर लागतो मिळालेल्या १८,००० व्याजावर, आणि बुडालेलं १०,००० मुद्दल पगारदार माणसाला त्यातून साधारणपणे वजा करता येत नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबला ५,४०० कर. उरले २,६००, तेही प्लॅटफॉर्मच्या फीआधी. शंभरातले बारा बुडाले तर हिशोब शून्याजवळ येतो.

प्लॅटफॉर्मला थकीत कर्जांचं प्रमाण संकेतस्थळावर दर महिन्याला द्यावं लागतं, ते आधी वाचा. दहा हजार लावायचेच असतील तर दहा वेगवेगळ्या कर्जदारांत लावा, मुदत बारा महिन्यांच्या आत ठेवा, आणि आलेले हप्ते आपोआप पुन्हा गुंतवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करा. तो चालू राहिला की परत आलेले आणि थकलेले पैसे एकाच आकड्यात मिसळतात, आणि किती बुडाले ते वर्षभर दिसतच नाही.